तंबू की मास्क?

बाबांना कंपवात होता. म्हणून सत्तावन्नाव्या वर्षी माझा हात कपबशीशी जरा थरथरला तरी मी बोटांकडे बघत बसतो. कमी ऑक्सिजनची हवा श्वासात घेण्याच्या वाटेला लागलो तो त्यामुळे. डॉक्टरांना विचारून गेल्या वर्षी दोन महिने भाड्याचा तंबू वापरला, म्हणजे यंत्राने कमी ऑक्सिजनची हवा भरायची आणि त्यात झोपायचं; आता तशीच हवा देणारा मास्क वापरतोय. दोन्हींत घुटमळणाऱ्यांसाठी हा अनुभव.

एक गोष्ट मात्र आधी मान्य करायला हवी. वम्सी मूथा आणि फुमितो इचिनोसे या संशोधकांच्या २०२५च्या प्रयोगातले कंपवाताचे उंदीर ११ टक्के ऑक्सिजनच्या हवेत ठेवले होते (साध्या हवेत तो २१ टक्के असतो). मेंदूतल्या प्रथिनांच्या गाठी तशाच राहिल्या, पण पेशी वाचल्या. पेशींना ऊर्जा पुरवणारे मायटोकॉन्ड्रिया आजारी पडले की ऑक्सिजन खर्च होत नाही आणि उरलेलाच पेशींना बाधतो, असा त्यामागचा तर्क. याच मंडळींनी त्याआधी ली सिंड्रोमच्या (मायटोकॉन्ड्रियाच्या बिघाडाने होणारा मेंदूचा आजार) उंदरांना ही हवा दिवसातले दहाच तास देऊन पाहिली, तेव्हा उपयोग झाला नाही. १७ टक्क्यांनीही नाही. म्हणजे काटेकोर बोलायचं तर रात्रीपुरता तंबू आणि तासाभराचा मास्क, दोन्ही अपुरेच. आणि सिंहगड? तेराशे मीटरवरची हवा म्हणजे जेमतेम १८ टक्क्यांचा हिशोब. रोज गड चढा म्हणणाऱ्या मित्रांनी तो पायांसाठी आणि पिठलं-भाकरीसाठी चढावा.

तंबूचा मोठा गुण म्हणजे तास भरपूर मिळतात. झोपायचं, बाकी यंत्र बघतं. कॉम्प्रेसरच्या घरघरीची सवय होते, निदान मला झाली. बायकोला नाही झाली, ती आठव्या दिवशी हॉलमध्ये गेली. एप्रिलमध्ये पंख्याचा वारा आत येत नाही हेही सोसलं. आणखी एक. माझ्या यंत्राबरोबरचा तक्ता समुद्रसपाटी धरून होता. पुणं आधीच साडेपाचशे मीटरवर, त्यामुळे १५ टक्के लावले की शरीराला चौदाच जाणवतात.

हेही चाललं असतं. घोडं अडलं ते चेनपाशी. या वयात रात्री दोनदा उठावं लागतं. चेन उघडली की खोलीची हवा आत शिरते, आणि आकडा पुन्हा खाली यायला माझ्याकडे पाऊण तास लागायचा. पहाटे तीनला अंधारात चाचपडत चेन ओढायची, ती कापडात अडकायची, ती सुटेपर्यंत झोप पार उडालेली. सकाळी हिशोब केला तर ‘रात्रभर’ म्हणजे तुकड्या-तुकड्यांचे चार तास. मेंदूसाठी हे सगळं करायचं आणि झोपच घालवायची, हे काही पटेना.

मास्कमध्ये पाच मिनिटं कमी ऑक्सिजन, पाच मिनिटं साधी हवा, असे सहा फेरे. दाढी वाढली की कडेने हवा गळते, रबरी पट्टा कानामागे काचतो. पण जागेपणी, खुर्चीत बसून, बोटाला ऑक्सिमीटर लावून. डॉक्टरांनी रक्तातला ऑक्सिजन ८५ टक्क्यांच्या खाली जाऊ द्यायचा नाही असं बजावलंय. आकडा घसरायला लागला की मी मास्क काढतो. झोपेत कोण काढणार? घोरणाऱ्यांनी तर तंबूआधी झोपेची तपासणी करूनच घ्यावी. घोरताना श्वास अडकून ऑक्सिजन खाली जात असेल तर ते मेंदूला घातकच, त्यावर आणखी भर नको. हृदयाचा त्रास किंवा रक्त कमी असणाऱ्यांनी दोन्हींच्या आधी डॉक्टरांना गाठावं.

मास्कने मला काय मिळालं, ते खात्रीने सांगता येणार नाही. सकाळी जरा तरतरीत वाटतं, पण ते पुरती झोप मिळाल्यामुळेही असेल. तुम्ही तिशीतले असाल, एकदा पडलात की सकाळीच उठत असाल आणि खोलीत एसी असेल, तर तंबूचा विचार जरूर करा. मी मात्र तो महिनाअखेरीची वाट न बघता परत पाठवला.