पीएस लायपोसोमसाठी कॅल्शियम घ्यावं की मॅग्नेशियम?

दोन्ही आयनांवर दोनच धनभार, मग कपाटात जे क्लोराइड हाताला लागेल ते घ्यायचं, असं लायपोसोमच्या, म्हणजे लिपिडच्या पटलाच्या सूक्ष्म पोकळ गोळ्यांच्या, एमएस्सी प्रकल्पात सर्रास होतं. कृपा करून तसं करू नका. फॉस्फॅटिडिलसेरिन, म्हणजे पीएस, हे ऋणभारित लिपिड या दोघांना अगदी वेगळी दाद देतं.

खरी गोम पाण्यात आहे. मॅग्नेशियम आयन लहान, त्रिज्या ०.७२ अँगस्ट्रॉम. भोवतीचे सहा पाण्याचे रेणू तो घट्ट धरून ठेवतो, त्यामुळे लिपिडशी त्याची भेट बहुधा पाण्याच्या आडूनच होते. कॅल्शियमची त्रिज्या १.०० अँगस्ट्रॉम. तो पाणी सहज सोडतो आणि थेट फॉस्फेट-कार्बॉक्सिल गटांना जाऊन भिडतो.

हा फरक टेस्ट ट्यूबमध्ये डोळ्यांनी दिसतो. शुद्ध पीएसच्या लायपोसोममध्ये काही मिलीमोलर कॅल्शियम पडलं की द्रावण दुधाळ होतं, मग पांढरे कण तळाशी बसतात. आत लायपोसोम एकमेकांत विलीन होऊन पटलं गुंडाळली गेलेली असतात. अळूवडी डोळ्यांसमोर आणा: पानं म्हणजे लिपिडची पटलं, मधलं बेसन म्हणजे कॅल्शियम, आणि पाण्याला जवळपास जागाच नाही. या गुंडाळ्यांचं, कॉक्लिएटचं, वर्णन डिमिट्रिओस पापाहाजोपोलोस आणि सहकाऱ्यांनी १९७५ साली केलं. कॅल्शियम पकडून ठेवणारं इडीटीए घातलं की गुंडाळी उलगडते आणि मोठे लायपोसोम मिळतात.

मॅग्नेशियमनेही गढूळपणा येतो, आणि तिथेच फसगत होते. मोठे लायपोसोम त्याने एकमेकांना चिकटतात, पण विलीन होत नाहीत. म्हणून नुसत्या गढूळपणावरून विलीनीकरण झालं असं लिहू नका. आतला ऐवज मिसळला का, ते फ्लुरोसन्सने तपासा.

तेव्हा विलीनीकरण किंवा कॉक्लिएट हवे असतील तर कॅल्शियमच. पेशीच्या आतल्या बाजूची नक्कल करायची असेल तर माझा कौल मॅग्नेशियमला. पीएस मुख्यतः त्याच बाजूला असतं, आणि तिथे मुक्त मॅग्नेशियम साधारण ०.५ ते १ मिलीमोलर, तर विश्रांत पेशीत मुक्त कॅल्शियम जेमतेम १०० नॅनोमोलर. पाच मिलीमोलर कॅल्शियम ओतून ‘पेशीत असंच घडतं’ म्हणणं मला पटत नाही. चेतापेशीच्या टोकाशी विलीनीकरणाचं काम सिनॅप्टोटॅग्मिनसारखी प्रथिनं त्याहून कितीतरी कमी कॅल्शियमवर करवून घेतात.

लिपिड उदासीन पीसी (फॉस्फॅटिडिलकोलिन) असेल तर एवढा खल नको, दोघेही त्याला सैलच बांधले जातात.

बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) मात्र हेपीस घ्या. फॉस्फेट बफरमध्ये कॅल्शियमचा साका बसतो आणि तो लिपिडचाच वाटतो. इडीटीएचा पीएचही आधीच ७.४ ला आणून ठेवा. कॅल्शियम पकडताना ते प्रोटॉन सोडतं, म्हणून बफर पातळ नको.