मालक गावाला, तरी गाडी वेळेत

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरातल्या या गॅरेजला पाच स्टार द्यायचं कारण म्हणजे तिथला हाताखालचा पोरगा. मालक लग्नाला सांगलीला गेलेले. माझ्या स्प्लेंडरची चेन खडखडत होती. पोरानं मागचं चाक हळूहळू फिरवून दाखवलं: एका जागी चेन ताणलेली, दुसऱ्या जागी सैल. "काका, नुसती चेन नको, स्प्रॉकेट म्हणजे दात्यांच्या चाकांसकट किट बदलूया. झिजलेल्या दात्यांवर नवी चेन लवकर जाते." दरही त्यानंच सांगितला, मालकांना फोन नाही. मालकांनी त्याला आधी ट्रायल मारायला लावलं, मग गिऱ्हाईकाशी बोलायला, मग गल्ला हातात दिला, हे मी बघत आलोय. चुकला तरी चारचौघांत बोलत नाहीत, मागं नेऊन समजावतात. असा मालक मिळायला नशीब लागतं! शनिवारी गर्दी असते, सकाळी लवकर जावा.