घर प्रत्यक्ष पाहिलं होतं, तरीही डिपॉझिट गेलं

‘घर डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका’ असं सगळेच सांगतात. मी घर पाहिलं होतं. नळ सोडून पाहिले, खिडक्या उघडून पाहिल्या, भाडेकरार वाचून मगच सही केली. तरीही डिपॉझिट आणि पहिल्या महिन्याचं भाडं, दोन्ही गेलं. माझ्याबरोबर आणखीही कुटुंबं फसली, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

कामाच्या ठिकाणाजवळ परवडणारं घर मिळणं किती जिकिरीचं असतं, हे शोधणाऱ्यालाच कळतं. जाहिरातीतलं भाडं आजूबाजूच्या घरांपेक्षा कमी होतं, पण संशय यावा इतकंही कमी नव्हतं. हा आकडा ही माणसं फार विचारपूर्वक ठरवतात. मालक म्हणवणारा गृहस्थ वेळेवर आला, खिशातून चावी काढून दार उघडलं, सगळ्या खोल्या दाखवल्या. एजंट मध्ये नसल्यामुळे दलालीही वाचणार होती. आणखी दोघं बघून गेलेत, आज पैसे भरले तर घर तुमचं, असं तो म्हणाला.

त्या घरातल्या काही गोष्टी मला आजही स्पष्ट दिसतात. बाथरूममध्ये कागदात गुंडाळलेल्या साबणाच्या इवल्याशा वड्या, एकसारखी घडी घातलेले टॉवेल. फ्रिजवर वायफायचा पासवर्ड आणि ‘निघताना कचरा बाहेर ठेवावा’ अशी छापील सूचना. विजेचा मेन स्विच कुठे आहे विचारलं, तर तो एकेक कपाट उघडून शोधायला लागला. खाली टपालपेटीवर नाव वेगळंच होतं. ते आईचं, म्हणाला. पैसे ज्या खात्यात भरायचे तेही त्याच्या नावावर नव्हतं; ते भावाचं. प्रत्येक प्रश्नाला उत्तर तयार होतं आणि सुटं सुटं ऐकताना प्रत्येक उत्तर पटण्यासारखंच होतं.

ते घर थोड्या दिवसांच्या मुक्कामासाठी पाहुण्यांना दिलं जात होतं. या माणसाने खोट्या नावाने ते बुक केलं, चावी हातात आली आणि मुक्काम संपेपर्यंत येईल त्याला घर दाखवून पैसे गोळा केले. आम्ही सामान घेऊन पोहोचलो तेव्हा दारात आणखी एक कुटुंब उभं होतं, त्यांच्या हातात अगदी आमच्यासारखाच करार. आतून दार उघडलं ते नव्याने उतरलेल्या पाहुण्यांनी. खरी मालकीण धावत आली, तिलाही यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्या दुसऱ्या कुटुंबाने जुनं घर सोडलं होतं. लहान मूल कडेवर घेऊन ती बाई जिन्यातच बसली. तो संताप माझा अजून गेलेला नाही.

म्हणून कळकळीने सांगते, चावी असणं म्हणजे मालकी नव्हे. मालकीची नोंद सरकारी दप्तरात असते. तिच्यावरचं नाव, समोरच्या माणसाच्या ओळखपत्रावरचं नाव आणि बँक खात्यावरचं नाव एकच हवं. मोबाईलवर दाखवलेल्या वीजबिलाच्या फोटोला काडीची किंमत देऊ नका, असा फोटो कुणालाही बदलता येतो. शेजारचं दार वाजवून ‘इथे कोण राहतं?’ एवढं विचारा. जाहिरातीतले फोटो इंटरनेटच्या फोटो-शोधात टाकून ते आणखी कुठे वापरलेत ते पाहा. तेच घर मुक्कामाच्या किंवा विक्रीच्या जाहिरातीत सापडू शकतं. खरा मालक या चौकशीने चिडत नाही, उलट त्यालाही भाडेकरू नीट पारखायचा असतो. तो तुमच्या नोकरीबद्दल, आधीच्या घरमालकाबद्दल विचारतो. या माणसाने मला एकही प्रश्न विचारला नव्हता.

फसवणूक लक्षात आली की आधी बँकेला फोन करा, मग पोलिसांत जा. पैसे समोरच्या खात्यात असेपर्यंतच ते गोठवता येण्याची आशा असते, आणि ते झपाट्याने पुढच्या खात्यांत वळवले जातात. जाहिरात, मेसेज, करार, यातलं काहीही पुसू नका.

त्यानंतर मला एका अनोळखी माणसाचा फोन आला. तुमचे पैसे सापडलेत, थोडी फी भरा, परत मिळवून देतो, म्हणाला. एकदा फसलेल्यांचे नंबर असे पुढे विकले जातात. पोलीस किंवा बँक पैसे परत देण्यासाठी आधी फी मागत नाहीत. मी फोन ठेवला आणि तो नंबर तक्रारीत जोडून दिला.