'दिल्ली क्राइम' किशोरवयीन मुलांना दाखवावी का?

दिल्लीत १६ डिसेंबर २०१२ च्या रात्री धावत्या बसमध्ये एका तरुणीवर जो सामूहिक बलात्कार झाला, तो आज दहावी-अकरावीत शिकणाऱ्या मुलांच्या आठवणीत असण्याचे कारणच नाही. तेव्हा ती जेमतेम बोलायला लागली होती. त्या घटनेच्या तपासावर आधारलेली 'दिल्ली क्राइम' ही मालिका मात्र त्यांच्या हातातल्या मोबाइलवर एका स्पर्शाच्या अंतरावर आहे, वर्गातल्या कुणीतरी ती पाहिलेली असते, आणि 'मीही पाहू का?' हा प्रश्न घरात कधी ना कधी येतोच. तो प्रश्न न टाळता त्याचे उत्तर पालकांना देता यावे, म्हणून हे परीक्षण केवळ वयाच्या अंगाने लिहीत आहे. मालिकेच्या दर्जाबद्दल फारसा वाद नाही. रिची मेहता यांनी दिग्दर्शित केलेले सात भागांचे पहिले पर्व मार्च २०१९ मध्ये नेटफ्लिक्सवर आले आणि २०२० मध्ये त्याला सर्वोत्कृष्ट नाट्यमालिकेचा आंतरराष्ट्रीय एमी पुरस्कार मिळाला. पण उत्तम कलाकृती असणे आणि चौदा वर्षांच्या मुलाला झेपणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

माझे मत आधीच सांगते. पहिले पर्व सोळा वर्षे पूर्ण झालेल्या मुलामुलींनी मोठ्या माणसाबरोबर बसून अवश्य पाहावे. त्याखालच्या वयाला ते दाखवू नये, आणि सोळाच्या पुढेही एकट्याने, रात्री, कानात इअरफोन घालून पाहू देऊ नये.

पालक बहुधा मालिकेत काय दिसते यावर निर्णय घेतात. नग्नता आहे का, रक्त किती आहे, प्रणयदृश्ये आहेत का, हे प्रश्न चुकीचे नाहीत, पण या मालिकेला ते पुरत नाहीत. बसमधला अत्याचार मालिका दाखवतच नाही. सुरुवातीला ती मुलगी आणि तिचा मित्र असे दोन जखमी जीव रस्त्याकडेला सापडतात, तेही अंधारात आणि थोडा वेळ. त्यानंतर कॅमेरा पोलिसांबरोबर चालत राहतो. अशा विषयावर काम करताना हा संयम दुर्मीळ आहे आणि त्याबद्दल दिग्दर्शकाचे आभारच मानायला हवेत. मात्र जे दाखवले नाही ते सांगितले गेले आहे. डॉक्टर पोलीस उपायुक्त वर्तिका चतुर्वेदी यांना मुलीच्या जखमांची माहिती देतात, तेव्हा पडद्यावर फक्त चेहरे असतात. शेफाली शाह यांचा चेहरा ऐकता ऐकता बदलत जातो, आणि ऐकणाऱ्याच्या मनात जे चित्र उभे राहते ते कुणालाही कापता येत नाही. दृश्य पुढे सरकवता येते, ऐकलेले वाक्य डोक्यातून पुसता येत नाही. संवेदनशील मुलांवर शब्दांचा परिणाम चित्रांपेक्षा खोल होतो, हे वयोमर्यादेचा शिक्का पाहणाऱ्या पालकांच्या लक्षात येत नाही.

सर्वांत कठीण प्रसंग मुख्य आरोपीच्या चौकशीचा आहे. जय सिंग नावाचा हा माणूस पोलिसांसमोर घडलेले सगळे सांगतो, आणि सांगताना त्याच्या आवाजात पश्चात्तापाचा लवलेश नसतो. उलट दोष तो त्या मुलीवर आणि तिच्या मित्रावरच टाकतो. हा प्रसंग मी माझ्या मुलीबरोबर पाहिला आणि तिथेच थांबवला. तिचा पहिला प्रश्न शिक्षेबद्दल नव्हता. 'पण आई, ती दोघं बसमध्ये काय करत होती याच्याशी ह्याचं काय घेणं?' असे तिने विचारले, आणि त्यावर आम्ही बराच वेळ बोलत बसलो. असा प्रश्न एकट्या बसलेल्या मुलाला किंवा मुलीला पडला, तर त्याचे उत्तर कुठून येईल हे आपल्या हातात राहत नाही. 'तिने रात्री बाहेर पडायला नको होते' हे वाक्य आजही लग्नघरापासून चहाच्या टपरीपर्यंत ऐकू येते.

मुलांबद्दल, म्हणजे मुलग्यांबद्दल, वेगळे सांगायला हवे, कारण अशा मालिकांची चर्चा निघाली की पालकांची सगळी काळजी मुलींभोवती फिरते. 'दिल्ली क्राइम' सोळा-सतरा वर्षांच्या मुलग्याने पाहणे मला अधिक गरजेचे वाटते. या प्रकरणातला एक आरोपी अठरा वर्षांच्या आतला होता. त्याला विशेष सुधारगृहात तीन वर्षांची शिक्षा झाली, त्यावरून देशभर वाद पेटला, आणि २०१५ मध्ये बालन्याय कायदा नव्याने झाला. त्या कायद्यानुसार सोळा ते अठरा वयोगटातल्या मुलाने अतिगंभीर गुन्हा केल्याचा आरोप असेल, तर त्याच्यावर प्रौढांप्रमाणे खटला चालवायचा का, हे ठरवता येते. कायद्यातले हे वळण आपल्याच वयाशी निगडित आहे, हे त्या वयाच्या मुलाला कळायला हवे. पीडितेच्या मित्राची व्यक्तिरेखाही यासाठी महत्त्वाची आहे. त्याच्या सांगण्याकडे काही काळ संशयाने पाहिले जाते, आणि 'पुरुषाने अशा वेळी काय करायला हवे होते' ही अपेक्षा किती निर्दय असू शकते, हे मालिका न बोलता दाखवून देते.

किशोरवयीन प्रेक्षकाला आपलीशी वाटेल अशी व्यक्तिरेखा म्हणजे वर्तिकांची मुलगी चांदनी. तिला दिल्लीत राहायचे नाही, परदेशी शिकायला जायचे आहे. आईला ती आपल्याच शहरात हवी आहे. आई गुन्हेगारांच्या मागे, मुलगी रस्त्यावरच्या निदर्शनांत, आणि दोघींचा राग एकाच घटनेवर असूनही दोन दिशांना जाणारा. मायलेकींमधली ही ओढाताण लेखनाच्या दृष्टीने थोडी सोयीची झाली आहे, पण घरात बोलणे सुरू करायला याच्याइतका चांगला धागा दुसरा नाही. हॉस्पिटलमध्ये पीडितेजवळ थांबणारी प्रशिक्षणार्थी अधिकारी नीती सिंग (रसिका दुगल) हीदेखील मुलांना जवळची वाटेल, कारण तिलाही हे सगळे पहिल्यांदाच दिसत असते.

मालिकेची एक मर्यादा मुलांना स्पष्ट सांगावी. संपूर्ण कथा पोलिसांच्या नजरेतून येते, त्यामुळे रस्त्यावर उतरलेले लोक आणि माध्यमे बऱ्याचदा तपासातला अडथळा वाटू लागतात. प्रत्यक्षात त्या जनक्षोभामुळेच न्यायमूर्ती जे. एस. वर्मा समिती नेमली गेली, तिने जानेवारी २०१३ मध्ये अहवाल दिला आणि त्याच वर्षी फौजदारी कायद्यात मोठे बदल झाले. अटकेनंतर सगळे संपले असा समज पर्व संपताना होऊ शकतो. मुलीचा मृत्यू २९ डिसेंबर २०१२ रोजी सिंगापूरमध्ये झाला आणि चार दोषींना फाशी झाली ती थेट २० मार्च २०२० रोजी. सव्वासात वर्षांचा हा काळ मालिकेबाहेर आहे, आणि तो पालकांनीच भरून काढायचा आहे.

शिवीगाळ भरपूर आहे, हिंदीतली, पोलीस ठाण्यात असते तशी. तिचा मला फारसा त्रास वाटला नाही. शाळेच्या व्हॅनमध्ये मुले याहून कमी ऐकत नाहीत.

व्यवस्थेबद्दल थोडक्यात. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार ओटीटी मंचांना 'यू', 'यू/ए ७+', 'यू/ए १३+', 'यू/ए १६+' आणि 'ए' असे वर्गीकरण करावे लागते, आणि 'यू/ए १३+' व त्यावरील कार्यक्रमांना पालकांसाठी कुलपाची सोय द्यावी लागते. नेटफ्लिक्सवर प्रत्येक प्रोफाइलला वयोमर्यादा लावता येते, पालकांच्या प्रोफाइलला पिन घालता येतो आणि एखादी मालिका नावानिशी बंद करता येते. ही कामे करावीत, पण घरातले सगळे एकाच प्रोफाइलवर पाहत असतील तर त्यातले काहीही उपयोगाचे नाही, आणि बहुतेक घरांत तसेच असते. पुढचा भाग आपोआप सुरू होण्याची सोय मात्र आवर्जून बंद करावी. या मालिकेचे दोन भाग एकाच बैठकीत पाहू नयेत असे मला वाटते. एक भाग, मग जेवण किंवा फेरफटका, आणि बोलणे, हा क्रम बरा. ज्या मुलाने किंवा मुलीने स्वतः लैंगिक छळ सोसला आहे, तिच्या बाबतीत वयाचा नियम लागू करूच नये. तिने स्वतःहून मागितल्याखेरीज ही मालिका समोर आणू नये. पाहताना एखादे मूल अचानक गप्प झाले, उठून गेले, तर कारण हळूच विचारावे. मुलांसाठीचा १०९८ हा मदत क्रमांक घरात सर्वांना माहीत असावा.

तनुज चोप्रा दिग्दर्शित पाच भागांचे दुसरे पर्व ऑगस्ट २०२२ मध्ये आले. वृद्ध जोडप्यांच्या निर्घृण खुनांवरचे हे पर्व पडद्यावर जास्त हिंसक आहे. पहिल्यातला संयम इथे सैल झाला आहे, मृतदेह आणि वार अधिक दिसतात. म्हणून ते मी सतरा-अठराच्या आत दाखवणार नाही. तरीही त्यातला एक धागा महाराष्ट्रातल्या मुलांनी पाहावा असा आहे. संशय येताच पोलीस विमुक्त जमातींच्या वस्तीतून माणसे उचलून आणतात, आणि 'हे जन्मजात गुन्हेगार' असे मानणारा एक निवृत्त अधिकारी तपासात मदतीला येतो. इंग्रजांच्या १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने या जमातींवर मारलेला हा शिक्का १९५२ मध्ये कागदावरून पुसला गेला. आपल्याकडच्या पारधी वस्तीत पोलिसांची गाडी शिरते तेव्हा तो अजून पुसलेला नसतो. वर्तिका तो मानायला नकार देतात ते प्रसंग तेवढे निवडून, पालकांनी आधी स्वतः पाहून, मुलांना दाखवायला हरकत नाही.