कोआन की शिकानताझा : श्वास मोजण्याच्या पुढे जाताना

श्वास मोजत बसण्याची सवय अंगवळणी पडल्यावर झेन साधकापुढे साधारणपणे दोन वाटा येतात. रिन्झाई परंपरेत गुरू कोआन, म्हणजे तर्काने न सुटणारा प्रश्न किंवा संवाद, चिंतनासाठी देतात, तर सोतो परंपरेत शिकानताझा, म्हणजे मनाला कोणताही विषय न देता केवळ बसणे, हीच साधना मानली जाते. मी दोन्ही वाटांनी काही काळ चाललो आणि शिकानताझाजवळ थांबलो. हीच निवड सर्वांना मानवेल असा माझा आग्रह नाही.

कोआनचे सामर्थ्य मी कमी लेखणार नाही. कुत्र्याच्या ठायी बुद्धस्वभाव आहे काय, या प्रश्नाला जुने चिनी झेन गुरू जोशू यांनी दिलेले ‘मू’ (शब्दशः ‘नाही’) हे उत्तर बहुधा प्रथम हाती येते, आणि ते प्रत्येक उच्छ्वासाबरोबर धरून बसले की पेंग येत नाही, असा निदान माझा अनुभव आहे. रिन्झाई गुरू हाकुइन (१६८६–१७६९) यांनी या साधनेत महासंशयाला, म्हणजे सारे मन व्यापणाऱ्या प्रश्नाला, इतके महत्त्व का दिले, हे तेव्हा थोडेफार उमगते.

अडचण येते ती दोकुसानची, म्हणजे गुरूंच्या एकांत भेटीची. जपानी मठात सेशिनच्या, म्हणजे सलग काही दिवसांच्या सखोल साधनेच्या, काळात शिष्य दिवसातून अनेकदा गुरूंसमोर जातो आणि उत्तर पोकळ असेल तर घंटा वाजवून त्याला लगेच परत पाठवले जाते. गुरू दूर असणाऱ्याला मात्र दोन भेटींमध्ये मोठा काळ काढावा लागतो, आणि त्या काळात माझे मन उत्तरे रचू लागले. बसलो की पुढच्या भेटीत काय सांगायचे याचीच जुळवाजुळव सुरू होई. एखादे उत्तर सुचले की समाधान वाटे, आणि ते खोडून काढणारे समोर कोणी नसल्याने ते तसेच चिकटून राही. संगणकाच्या पडद्यावरच्या भेटींनी थोडा आधार दिला, पण ही खोड गेली नाही. माझ्यापुरता निर्णय येथेच झाला.

जपानमधील सोतो परंपरेचे प्रवर्तक दोगेन यांनी १२२७ मध्ये चीनहून परतल्यावर ज्या बैठकीचा पुरस्कार केला, तिच्यात शरीरच बरेचसे सांगून जाते. डावा तळहात उजव्यावर, अंगठ्यांची टोके अलगद टेकलेली. झोप आली की अंगठे खचतात, ताण वाढला की ते वर उचलले जातात. गुरूंची जागा हे घेऊ शकत नाही, तरी घरी एकट्याने बसणाऱ्याला एवढी सूचना रोज मिळत राहते. इगतपुरीचे दहा दिवसांचे विपश्यना शिबिर केलेल्यांना अर्धोन्मीलित डोळ्यांनी, शरीरभर लक्ष न फिरवता बसणे आरंभी रिकामे वाटेल. त्यांनी मधूनमधून एक ते दहा श्वास मोजण्याकडे परतण्यास हरकत नसावी. बैठक आरामाची होऊन मंदावण्याचा धोकाही शिकानताझात खराच आहे.

कोडाइकनालजवळच्या बोधी झेंदो या झेन ध्यानकेंद्रात दोन्ही परंपरांचा वारसा एकत्र आढळतो, कारण त्याचे संस्थापक आमा सामी हे यामादा कोउन यांचे शिष्य, आणि यामादा यांच्या परंपरेत सोतो व रिन्झाई दोन्ही एकत्र आल्या आहेत. अशा ठिकाणी दीर्घकाळ राहून गुरूंना वारंवार भेटता येणार असेल, तर कोआन अवश्य घ्यावा. ती सोय होईपर्यंत रोज भिंतीकडे तोंड करून चाळीस मिनिटे बसणे मला अधिक भरवशाचे वाटते.