जॅस्पर की बोन चायना?
दोन्ही इंग्लंडच्या स्टॅफर्डशायरमधली भाजलेल्या मातीची भांडी, दोन्हींच्या मागे जोसाया नावाचा एकेक कुंभार. पण हातात घेतली की सख्खी सोडाच, चुलत भावंडंही वाटत नाहीत.

जोसाया वेजवुडने हजारो नमुने भाजून बघितले, तेव्हा कुठे १७७०च्या दशकात जॅस्पर जमलं. मातीत बेरियम सल्फेट, निळा रंग कोबाल्टचा, झिलई नाहीच. त्यावरच्या पांढऱ्या ग्रीक आकृत्या रंगवलेल्या नसतात. ओली पांढरी माती उथळ साच्यात अंगठ्याने दाबायची, अलगद सोडवायची आणि पाण्याचा हात लावून निळ्या भांड्यावर चिकटवायची. वस्त्राच्या चुण्यांपाशी माती इतकी पातळ होते की खालचा निळा डोकावतो. मी तर त्या चुण्याच बघत बसतो. १७९०मध्ये त्याने पोर्टलंड कलश या रोमन काचपात्राची काळ्या जॅस्परमध्ये नक्कल केली. त्यापायी काही वर्षं गेली.

बोन चायना नावाला जागते. जवळपास निम्मी गुरांच्या हाडांची राख, बाकी कॉर्नवॉलची चिनी माती आणि दगडाची पूड. अठराव्या शतकाच्या अखेरीस जोसाया स्पोड आणि त्याच्याच नावाच्या मुलाने हे मिश्रण बसवलं. कप उजेडापुढे धरा, मागच्या बोटांची सावली दिसते.

चहाला मी बोन चायनाच घेईन. जॅस्पर कपाटात शोभतं, फक्त नक्षीतली धूळ मऊ ब्रशने काढत बसावं लागतं. घरात कडक शाकाहारी पाहुणे येणार असतील तर मात्र राखेची गोष्ट चहा संपल्यावर सांगू नका, आधीच सांगा.