नऊ महिने, दोन पेडल आणि एक प्लायवूडची फळी: घरच्या फ्लाइट सिम्युलेटरचा अनुभव

पुण्याच्या लोहगाव विमानतळाच्या धावपट्टी १० वरून सेसना १७२ हे छोटं विमान घेऊन निघालो होतो. थ्रॉटल (इंजिनाची ताकद वाढवणारी दांडी) पूर्ण पुढे गेला, वेग वाढायला लागला, आणि नाक डावीकडे ओढलं जायच्या आत माझा उजवा पाय पेडलवर दाबला गेला. मी ठरवून दाबला नव्हता. धावपट्टीची मधली रेघ नाकाखाली सरळ राहिली, ५५ नॉट्सला योक, म्हणजे विमानाचं स्टिअरिंग, हलकेच ओढला आणि विमान उचललं गेलं. हे सगळं घरातल्या एका कोपऱ्यात घडलं, सिम्युलेटर सुरू करून पाचव्या महिन्यात. पहिलं काय घेऊ असं कुणी विचारलं, तर त्या दिवसापासून माझं उत्तर ठरलेलं आहे: रडर पेडल, म्हणजे विमानाचं नाक डावी-उजवीकडे वळवणारे पायाचे पेडल.

माझा प्रवास मात्र उलट दिशेने झाला. गेल्या जूनमध्ये मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर २०२४ घेतला. जवळ एक जुनी जॉयस्टिक होती, मूठ पिळली की रडर फिरणारी. पैसे आधी ग्राफिक्स कार्डात घातले. चित्र सुंदर झालं, खडकवासल्याचं पाणी आणि सिंहगडाची धार ओळखू यायला लागली, पण उतरताना हात पूर्वीसारखाच चाचपडत होता. कारण नंतर कळलं. वारा डावीकडून असेल तर उतरताना डावा पंख किंचित खाली ठेवावा लागतो आणि त्याच वेळी उजव्या रडरने नाक धावपट्टीच्या रेषेत आणावं लागतं. एकाच मनगटाने काठी डावीकडे कलवायची आणि मूठ उजवीकडे पिळायची, हे जमत नाही. पिळताना काठी हलते, हलवताना पीळ सुटतो. ही दोन कामं हातापायांत वाटली गेली तरच ती शिकता येतात.

म्हणून पेडल आले. पहिल्याच दिवशी लक्षात आलं की आपल्याकडच्या गुळगुळीत फरशीवर ते टिकत नाहीत. ब्रेकसाठी पेडलचा वरचा भाग पायाच्या बोटांनी दाबायचा असतो. तो दाबला की पेडल पुढे जातात आणि चाकांची खुर्ची मागे. रबरी मॅट टाकून पाहिली, वेल्क्रो लावून पाहिलं. शेवटी ओळखीच्या सुताराकडून १८ मिलिमीटर जाडीच्या प्लायवूडची चार फूट बाय दोन फूट फळी करून घेतली. एका टोकाला पेडल चार स्क्रूंनी पक्के केले. दुसऱ्या टोकाला खुर्चीची पुढची दोन चाकं बसतील असे दोन गोल खाचे, वाटीच्या तळाएवढे. आता ब्रेक दाबला की तो जोर फळीतच जिरतो, काहीच हलत नाही. सगळ्या सामानात सर्वांत कमी खर्च या फळीवर झाला आणि सर्वांत जास्त फरक तिनेच पडला. फळी तयार झाल्याच्या आठवड्यात उतरल्यानंतर रेषेत राहणं एकदम सुधारलं.

पेडलचा दुसरा धडा चौथ्या महिन्यात मिळाला. टेकऑफच्या मधोमध रडर मध्येच झटका द्यायला लागलं. हा संच पोटेन्शिओमीटरवर चालणारा होता. त्यात कार्बनच्या पट्टीवर एक छोटा स्पर्शक घासत फिरतो. धूळ बसली किंवा पट्टी झिजली की आकडा उड्या मारतो. कॉन्टॅक्ट क्लीनर मारल्यावर तीन आठवडे बरं चाललं, मग पुन्हा तेच. विक्रेत्याने वॉरंटीच्या नावाखाली दीड महिना फिरवलं. शेवटी तो संच काढून हॉल सेन्सरवाला घेतला. हॉल सेन्सर चुंबकीय क्षेत्र मोजतो, त्यात काही घासत नाही म्हणून झिजतही नाही. माझं स्पष्ट मत: योक असो की पेडल, कुठला सेन्सर आहे हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नका. आणि झटके आले की आधी विंडोजमधलं यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड (वापरात नसलेल्या यूएसबीची वीज वाचवणारी सोय) बंद करून पाहा, सगळं सामान स्वतंत्र वीजपुरवठ्याच्या हबवर टाका. अर्धे आजार तिथेच बरे होतात.

योक हनीकोंब अल्फा आहे. तो एकूण १८० अंश फिरतो, म्हणजे दोन्ही बाजूंना नव्वद-नव्वद, त्यामुळे बारीक हालचाल करता येते. खालच्या पट्टीवर बॅटरी, अल्टरनेटर, दिवे आणि मॅग्नेटोची (इंजिनात ठिणगी पाडणाऱ्या यंत्रणेची) फिरती चावी आहे. इंजिन सुरू करताना माउस शोधावा लागत नाही, ही गोष्ट वाचायला छोटी वाटते, पण चेकलिस्ट हातात धरून एकेक स्विच वर करताना डोकं खरोखर कॉकपिटमध्ये जातं.

स्प्रिंगवर चालणाऱ्या सगळ्याच योकची एक मर्यादा समजून घ्यायला हवी, ती म्हणजे ट्रिम. खऱ्या विमानात योक ओढून धरला की हवेचा दाब हाताला लागतो. ट्रिमचं चाक फिरवत गेलं की तो दाब कमी होत होत नाहीसा होतो, आणि योक तुम्ही धरला होता तिथेच राहतो. स्प्रिंगच्या योकला हवेचा पत्ता नाही. सोडला की तो आपल्या मध्यावर परत येणार. म्हणून घरी उलटं तंत्र लागतं: योक ओढून नाक हवं तिथे ठेवायचं, मग एका हाताने ट्रिम थोडं थोडं फिरवत दुसऱ्या हाताने योक तितकाच मध्याकडे सोडत जायचा. दोन्ही हातांचा ताळमेळ जुळला की नाक जागचं हलत नाही. मला हे जमायला दोन महिने लागले, आणि जमेपर्यंत विमान सतत खालीवर डुलत होतं. ब्रुनरसारखे फोर्स फीडबॅक (हाताला दाब जाणवून देणारे) योक हा प्रश्न मुळातून सोडवतात, पण त्यांची किंमत माझ्या आवाक्याबाहेरची आहे. तोवर ट्रिम कीबोर्डच्या बटणावर न ठेवता फिरत्या चाकावर ठेवा. माझ्या हनीकोंबच्याच ब्राव्हो थ्रॉटलवर ते आहे, आणि बोटांनी चाक फिरवताना किती फिरवलं हे हातालाच कळतं.

त्याच थ्रॉटलच्या लाल मुठीमुळे मिक्श्चर, म्हणजे इंधन आणि हवेचं प्रमाण, शिकलो. लोहगाव समुद्रसपाटीपासून साधारण ५९० मीटरवर आहे. एप्रिल-मे मधल्या दुपारी ३८ अंश तापमान असेल, तर हवा इतकी विरळ होते की विमानाला आपण पाच हजार फुटांच्या वर असल्यासारखं वाटतं. इंधन तेच राहतं, हवा कमी पडते. सिम्युलेटरमध्ये तापमान तेवढं लावून उड्डाण केलं तेव्हा धावपट्टी संपत आली तरी विमान उठायला तयार नव्हतं. दुसऱ्या वेळी लाल मूठ हळूहळू मागे घेत इंधन कमी केलं, आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) वाढताना पाहिले आणि मग ब्रेक सोडले. कीबोर्डवर खेळताना मी मिक्श्चरला कधी हातही लावला नव्हता.

आता हेड ट्रॅकिंग, म्हणजे डोकं वळवलं की पडद्यावरचं दृश्यही वळणं. पेडलनंतर माझा दुसरा नंबर यालाच, तीन पडद्यांच्याही आधी. ट्रॅकआयआर ५ हे प्रसिद्ध साधन आहे, इन्फ्रारेड कॅमेरा १२० हर्ट्झने डोक्यावरची खूण टिपतो. मी मात्र ओपनट्रॅक हे मोफत सॉफ्टवेअर आणि घरातला साधा वेबकॅम यावर सुरुवात केली आणि अजून तिथेच आहे. धावपट्टीच्या समांतर उडताना ती मागे ४५ अंशांवर दिसली की वळायचं असतं. हॅट स्विचने (अंगठ्याने दिशा दाखवायच्या बटणाने) पाहताना दृश्य टप्प्याटप्प्याने उडी मारतं आणि अंदाज चुकतो. डोकं वळवून खांद्यावरून पाहिलं की धावपट्टी हळूहळू खिडकीच्या चौकटीत सरकताना दिसते, आणि वळण बरोबर जागी पडतं. खोलीत समोरून उजेड हवा, मागे खिडकी असेल तर वेबकॅम गोंधळतो. मी संध्याकाळी टेबललॅम्प चेहऱ्यावर ठेवतो.

मित्राचा व्हीआर हेडसेट (डोळ्यांवर बांधायचा पडदा) दोन आठवडे वापरला. उंची आणि अंतराचा अंदाज त्यात अफाट येतो, उतरताना जमीन किती खाली आहे हे पोटात कळतं. पण स्विच आणि चार्ट दिसत नाहीत, आणि मला हात लावून शिकायचं आहे. खुर्चीखाली बास शेकर, म्हणजे खुर्ची थरथरवणारं यंत्रही लावलं होतं. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी दोनदा विचारल्यावर काढून ठेवलं.

सॉफ्टवेअरमध्ये लिटिल नॅव्हमॅप मोफत आहे आणि टॅबलेटवर नकाशासाठी पुरेसं आहे. भारतीय विमानतळांचे अधिकृत चार्ट विमानतळ प्राधिकरणाच्या ईएआयपी या ऑनलाइन माहितीसंचात फुकट मिळतात. नेव्हिग्राफ या कंपनीचा हवाई मार्गांचा डेटा दर २८ दिवसांनी बदलणाऱ्या एआयआरएसी या अद्ययावतीकरणाच्या चक्राप्रमाणे येतो, पण तो जेट उडवणाऱ्यांच्या जास्त कामाचा. व्हॅटसिम या ऑनलाइन नेटवर्कवर खरी माणसं हवाई वाहतूक कंट्रोलर म्हणून बसतात आणि तेही मोफत. पहिल्यांदा माइक उघडताना माझा घसा कोरडा पडला होता. वाक्य आधी कागदावर लिहून घेतलं, मगच बटण दाबलं. वैमानिक व्हायचं स्वप्न असलेल्या मुलांच्या पालकांना एक सांगतो: घरच्या सिम्युलेटरचे तास लायसन्ससाठी धरले जात नाहीत. चेकलिस्टची आणि रेडिओवरच्या बोलण्याची सवय मात्र लागते.

गेल्या रविवारी लोहगाव ते बारामती नकाशा आणि घड्याळावर गेलो, जीपीएस बंद ठेवून. साधारण ४३ सागरी मैल, रोख ११९ अंश. उरुळी कांचननंतर सोलापूर रस्ता डावीकडे सुटला, मोरगाव उजवीकडे राहिलं, सुपे जवळजवळ नाकाखालून गेलं. बारामतीला वारा डावीकडून होता. डावा पंख खाली, उजवा पाय पुढे. आधी डावं चाक टेकलं, क्षणभराने उजवं, आणि फळी जागची हलली नाही.